जंगल नसलेल्या जिल्ह्यातला लांडगा

लातूर जिल्ह्यात जंगल जवळजवळ नाहीच. राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. किल्लारीच्या आसपास नजर जाईल तिकडे सोयाबीन, तूर, हरभरा, पाण्याच्या कडेने ऊस आणि मधूनमधून मुरमाड माळ. तरीही औसा, लोहारा, उमरगा या पट्ट्यात रात्री-बेरात्री दारं धरायला जाणाऱ्या माणसाला लांडग्याबद्दल विचारून पाहा. ‘लांडगा? इथं कुठला?’ असं तो म्हणत नाही. कुठल्या नाल्यात दिसला, कोणत्या महिन्यात, एकटा होता की जोडी, हे सांगायला लागतो.

मग हा लांडगा राहतो कुठे? जवळपासची अभयारण्यं मोजून बघू. धाराशिवजवळचं येडशी रामलिंग घाट अभयारण्य २२.३७ चौरस किलोमीटरचं आहे. बीड जिल्ह्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य ३० चौरस किलोमीटरच्या आत. नगर जिल्ह्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य तर अवघं २.१७ चौरस किलोमीटर. दख्खनच्या माळावर लांडग्यांच्या एका टोळीला साधारण दीडशे-दोनशे चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो. म्हणजे अख्खं येडशी अभयारण्य एका टोळीच्या हद्दीच्या कोपऱ्यात मावेल. लांडगा अभयारण्यात राहतो आणि कधीमधी चुकून गावाकडे येतो, ही आपली समजूत इथेच कोलमडते. तो राहतो गायरानात, ओढ्याकाठी, पिकांच्या बांधावर. अभयारण्य लागलंच तर वाटेत लागतं.

दुसरं कोडं याहून अवघड आहे. लांडगा खातो काय, तर ससे, उंदीर-घुशी, जमलं तर हरणाचं पाडस, आणि बऱ्याच भागांत शेळ्या-मेंढ्या. ज्याच्या मेंढ्या खायच्या त्याच मेंढपाळाच्या वाड्यालगत हा प्राणी शेकडो वर्षं टिकून आहे. पश्चिम युरोपातल्या अनेक देशांनी आपले लांडगे बंदुकीने आणि विषाने संपवले. आपल्याकडे धनगराच्या हाती काठी होती, कुऱ्हाड होती, कुत्री होती, विष मिळत नव्हतं असंही नाही. तरी लांडगा उरला. कसा?

सातबाऱ्यावरचा माळ

आधी माळ म्हणजे काय ते नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळी गोम तिथेच आहे.

कमी पावसाच्या दख्खनात काळ्या कसदार जमिनीच्या मधे मुरमाचे उंचवटे असतात. माती वीतभर, खाली खडक. अशा जागी दाट झाडी वाढत नाही. हिवर, बाभूळ, खैर, बोर, पळस, तरवड अशी विरळ झाडं-झुडपं आणि त्यांच्यामध्ये गवत. पवना, मारवेल, कुसळी. जूनमध्ये हिरवं, नोव्हेंबरात सोनेरी, एप्रिलमध्ये नुसती धूळ. महसुली नोंदीत अशी जागा पोटखराबा, पडीक किंवा गायरान. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती निरुपयोगी, हा जुन्या महसूल खात्याचा हिशेब होता. त्यातून एक गैरसमज रुजला, की इथे पूर्वी जंगल होतं आणि माणसांनी कुऱ्हाड लावून, मेंढ्या चारून ते ओसाड केलं.

हा समज तपासायला आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी एक वेगळीच वाट धरली. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातलं जुनं मराठी साहित्य आणि मौखिक परंपरा, तेराव्या शतकापासूनच्या, चाळून काढल्या आणि त्यात कोणकोणत्या रानझाडांचा उल्लेख येतो ते मांडलं. २०२५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या मजकुरातून दिसणारं रान घनदाट नव्हतं. खैर, हिवर, पळस, बाभूळ अशी उघड्या माळावर वाढणारी झाडंच त्यात पुन्हा पुन्हा भेटतात. किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही इथला माळ माळच होता. संत आणि शाहीर आपल्याला वनस्पतिशास्त्राची साक्ष देतील, असं कुणाच्या मनात तरी आलं असेल का?

माळ उघडा राहतो त्यामागे एक साधी यंत्रणा आहे. झाडाचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो. रोपटं शेळीने खुडलं की त्याची वाढ अडते. गवताचा कोंब जमिनीलगत, बुडख्यापाशी असतो. पात्याचं टोक मेंढीने खाल्लं तरी खालून नवं पातं येत राहतं. त्यामुळे माफक चराईत रोपटी हरतात, गवत टिकतं. मात्र याच यंत्रणेची दुसरी बाजूही आहे. पहिल्या पावसानंतर गवत मुळात साठवलेल्या अन्नावर वर येतं. त्या दिवसांत तेच ते रान रोज खुडत राहिलं तर मुळातली शिल्लक संपते, पवना-मारवेलसारखी चवदार गवतं मरतात आणि उरतो तरवड, कुसळ, काटा. मेंढीला कुसळ नको असतं. ते लोकरीत अडकतं, कातडीत घुसतं, तोंडाला टोचतं. म्हणून जुन्या गावांत काही रान कुरण म्हणून राखलं जाई आणि दिवाळीनंतर तिथलं गवत कापलं जाई, तर कळप पुढच्या माळाकडे सरके.

आज देशभरात असे उघडे, गवताळ, कमी पावसाचे प्रदेश जमिनीच्या सुमारे दहा टक्के भागावर आहेत, असं मधुसूदन आणि अबी तमीम वनक या संशोधकांनी केलेल्या नकाशावरून दिसतं. त्यातला जेमतेम पाच टक्के भाग संरक्षित आहे. बाकीचा मोठा हिस्सा सरकारी नकाशांत ‘पडीक’ म्हणूनच रंगवलेला आहे.

माळढोकासाठी ओढलेली रेघ

माळाचं संरक्षण करायचं ठरवलं तर काय होतं, याचा मोठा प्रयोग आपल्या शेजारी, किल्लारीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, सोलापूरजवळच्या नान्नजला झाला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी तिथे माळढोक असल्याकडे लक्ष वेधलं. मीटरभर उंचीचा, उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली ८४९६ चौरस किलोमीटर जमीन माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाली.

आकडा पुन्हा वाचा. साडेआठ हजार चौरस किलोमीटर म्हणजे लातूर जिल्ह्यापेक्षा मोठा प्रदेश. त्यात गावं होती, शहरं होती, शेतं, रस्ते, कालवे होते. वनखात्याच्या ताब्यात प्रत्यक्षात तुकड्या-तुकड्यांची थोडकी जमीन. उरलेल्या प्रदेशात लोकांना अभयारण्य कळलं ते जमिनीच्या व्यवहारात आणि परवानग्यांत आलेल्या अडचणींतून. पक्षी कधी न पाहिलेल्या माणसाचाही पक्ष्यावर राग बसला. पुढे ते क्षेत्र कमी करून सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोपर्यंत बराच उशीर झाला होता. गेल्या काही वर्षांतल्या गणनांत तिथे एखादाच माळढोक नोंदला गेला आहे.

याचं खापर एकट्या मेंढ्यांवर किंवा एकट्या खात्यावर फोडता येणार नाही. कालव्याचं पाणी आलं, ज्वारी-भुईमुगाच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली, विजेच्या तारा आल्या, शिकार होती, आणि माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. पण एक धडा या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. नान्नजच्या राखीव तुकड्यांत चराई रोखली तेव्हा सुरुवातीला गवत परतलं, पक्ष्याला अंडी घालायला शांत जागा मिळाली. त्याच तुकड्यांच्या आसपास झाडंही लावली गेली. माळढोक मात्र उघड्यावरचा पक्षी. चालता-चालता दूरवर नजर टाकत धोका हेरायचा, ही त्याची सवय. छातीपर्यंत गवत आणि भोवती झाडांची भिंत झाली की त्याला ते रान परकं होतं. काळविटांची संख्या तिथे चांगली वाढली, हेही खरं; आणि ते शेजारच्या शेतांत शिरतात म्हणून शेतकरी वैतागले, हेही खरं.

माळाला पूर्ण बंदीही मानवत नाही आणि पूर्ण मोकळीकही. त्याला लागतो तो खंड पाडून होणारा वापर. आणि तसा वापर करणारी माणसं पूर्वीपासून होती.

एकाच रानाच्या दोन पाळ्या

तेरणा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला पाणीपाळी समजावून सांगावी लागत नाही. चारी एक, शेतं अनेक. ज्याची पाळी त्याने दारं उघडायचं. दोघांनी एकाच वेळी उघडलं तर भांडण ठरलेलं. लांडगा आणि मेंढपाळ यांच्यातली वाटणीही अशीच आहे, फक्त इथे वाटली जाते ती वेळ.

दिवसाची पाळी मेंढपाळाची. सकाळी दव उतरल्यावर कळप निघतो, दिवस मावळायच्या आत वाड्यावर परततो. लांडगा दिवसा गवतात किंवा ओढ्याच्या कपारीत पडून असतो आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरतो. ही रोजची पाळी झाली. तिच्यावर वर्षाची पाळी चढवलेली आहे. पावसाळ्यात काळ्या रानात पिकं उभी असतात आणि चिखलात मेंढ्यांच्या खुरांना रोग होतो, म्हणून कळप मुरमाड माळावर आणि डोंगरकडांवर. सोयाबीन निघालं की शेतं मोकळी होतात आणि कळप खाली उतरतो. उन्हाळ्यात नांगरट करण्याआधी शेतकरी मेंढ्या बसवून घेतो. रात्रभर कळप शेतात, सकाळी जमिनीवर लेंडीखताचा थर. बदल्यात पूर्वी ज्वारी मिळे, आता बहुधा रोख रक्कम किंवा दोन्ही. एका शेतात दोन-चार रात्री, मग पुढचं शेत.

लांडग्याच्या दृष्टीने या फिरतीचा अर्थ काय होतो? टोळीच्या मुलखात शिकार कायम एका ठिकाणी नसते. आज दक्षिणेच्या शिवारात, आठवड्याने पश्चिमेला. एकाच कळपावर रोज हल्ला होत नाही. नुकसान अनेक कळपांत थोडं थोडं पसरतं. ज्याला वर्षातून दोन-चार कोकरांचा फटका बसतो तो चिडतो, शिव्या घालतो, पण विष कालवायला बसत नाही. हाच फटका एकट्याला दर आठवड्याला बसला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. ‘त्याचाबी वाटा असतोच की’ असं म्हणणारे मेंढपाळ भेटतात, ते यामुळेच. त्यात श्रद्धा असेल, खंडोबा असेल, पण त्या श्रद्धेला पेलवेल इतपतच नुकसान ठेवणारी ही फिरतीची व्यवस्था तिच्याखाली उभी आहे. सगळेच मेंढपाळ असे उदार असतात, असंही समजू नये. बिळात धूर घालणं, पिलं मारणं हे प्रकार माळाला नवे नाहीत.

पिलांचा काळ सर्वांत नाजूक. दख्खनात लांडग्याची पिलं साधारण थंडीत जन्मतात. बीळ ओढ्याच्या काठात, साळिंदराच्या जुन्या बिळात नाहीतर खडकाच्या कपारीत. सोलापूरच्या माळावर बिलाल हबीब यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की वर्दळ वाढली की मादी पिलं उचलून दुसऱ्या बिळात नेते, आणि हे स्थलांतर पुन्हा पुन्हा होतं. याच दिवसांत कळपातही कोकरं जन्मत असतात. म्हणजे लांडग्याला जेव्हा जास्त घास हवा, तेव्हाच मेंढपाळाकडे सर्वांत सोपा घास असतो. जाणता मेंढपाळ अशा वेळी बिळाच्या नाल्याला वळसा घालतो. लांडग्यावरच्या दयेपेक्षा कोकराची काळजी त्याला जास्त असते, आणि परिणाम दोघांनाही सोयीचा होतो.

वाड्यावरची रात्र

कधी दिवस मावळताना धनगराच्या वाड्यावर जाऊन उभं राहावं. बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत असते. गडी खुंट्या ठोकून वाघर ताणतो. वाघर म्हणजे सुताच्या किंवा नायलॉनच्या दोरीची कंबरभर उंचीची जाळी. तिच्या आत मेंढ्या एकमेकींना चिकटून बसतात. कोकरं वेगळी, बांबूच्या डालीखाली किंवा जाळीच्या छोट्या कोंडात, माणसांच्या अंथरुणाला लागून. घोडं एका बाजूला. कुत्री वाघरीबाहेर, चारी अंगांना पांगलेली. घोंगडं पांघरून एक जण अंगावर काठी घेऊन बाहेरच झोपतो. झोपतो म्हणजे आडवा होतो.

ही जाळी लांडग्याला अडवू शकत नाही, त्याला ती सहज ओलांडता येते. तिचं मुख्य काम मेंढ्यांना रोखून धरणं हे आहे. अंधारात बिथरलेली मेंढी कळप सोडून पळाली की ती गेलीच. लांडग्याला रोखतात ते कुत्री, माणसाचा वास आणि आवाज. एवढी राखण असलेल्या वाड्यापेक्षा कडेला चुकून राहिलेली लंगडी मेंढी त्याला स्वस्त पडते.

राखण नसेल तर मात्र उलटं घडतं, आणि यातच लोकांना लांडगा ‘क्रूर’ वाटण्याचं मूळ आहे. एका रात्रीत गोठ्यातल्या दहा-बारा शेळ्या मारल्या आणि खाल्ली एखादीच, अशा बातम्या आपण वाचतो. उघड्या रानात एका हरणावर झडप घातली की बाकीचा कळप क्षणात नाहीसा होतो आणि हल्ला तिथेच संपतो. बंद कोंडवाड्यात बाकीच्या शेळ्या पळू शकत नाहीत. समोर धडपडणारं प्रत्येक जनावर शिकाऱ्याला नव्याने चेतवत राहतं. त्यामुळे कच्च्या भिंतीचा, निर्जन, कुत्रा नसलेला गोठा उघड्यावरच्या वाड्यापेक्षा जास्त धोक्याचा ठरतो.

फ्रान्समधल्या मेंढपाळांना हे फार महागात पडलं. तिथले लांडगे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संपले. १९९२ मध्ये इटलीतून आलेले दोन लांडगे आल्प्समधल्या मर्कांतूर उद्यानात दिसले, आणि पुढे त्यांची संख्या वाढत गेली. तोवर तिथले कळप उन्हाळाभर डोंगरावर जवळजवळ एकटे सोडण्याची पद्धत पडून गेली होती. राखणीची कुत्री, रात्रीची जाळी, जागता माणूस हे सगळं सरकारी पैशातून नव्याने उभं करावं लागलं. आपल्याकडे ही साखळी तुटलेली नाही, आणि आपण तिची किंमत शून्य धरतो.

खरा उपद्रव मोकाट कुत्र्यांचा

मेंढपाळाची कुत्री आणि गावाच्या उकिरड्यावरची मोकाट कुत्री यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली कळपाला बांधलेली असतात, भाकरी-ताकावर वाढतात आणि वाड्यापासून लांब जात नाहीत. दुसरी टोळीने फिरतात, आणि माळावरच्या रानजीवांना आज सर्वांत जास्त त्रास बहुधा त्यांचाच होतो.

वनक यांनी नान्नजच्या परिसरात खोकडांचा अभ्यास केला. खोकड म्हणजे मांजरापेक्षा थोडा मोठा, झुपकेदार शेपटीचा छोटा कोल्हा. उंदीर, किडे, बोरं खाणारा. कुत्र्यांचं पोट मुख्यतः माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर आणि मेलेल्या जनावरांवर चालतं. म्हणजे खाण्यावरून दोघांत भांडण असायचं कारण नाही. तरीही जिथे कुत्र्यांचा वावर होता तिथे खोकडं जात नव्हती. भरपूर उंदीर असलेलं रान केवळ भीतीमुळे खोकडाला बंद होतं.

लांडग्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी घडतात. कुत्र्यांचा रेबीज आणि डिस्टेंपर त्याला लागतो. आणि जोडीदार मिळेनासा झाला की तो कुत्र्याशीच जुगतो. पुण्याजवळच्या माळावर असे संकरित प्राणी असल्याचं जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये सिद्ध झालं. भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन वंशांपैकी एक आहे आणि देशात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. २०२२ च्या गणनेत वाघ ३६८२ होते. वाघ लांडग्यापेक्षा जास्त, हे वाक्य मला लिहितानाही खोटं वाटतं, पण अंदाज तसेच आहेत.

माणसावर धावून येणारा लांडगा बहुतेक वेळा पिसाळलेला असतो. चावा बसला तर जखम पंधरा मिनिटं साबणाच्या वाहत्या पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायची. हळद-चुना भरत बसू नये.

चौकट : मेंढी मेली, पुढे काय?

लांडगा, तरस, बिबट्या, वाघ यांनी पाळीव जनावर मारलं तर राज्य सरकार भरपाई देतं. बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती.

घटना ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा जवळच्या वन कार्यालयाला कळवावी. पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागचं हलवू नये.

जखमा बघाव्यात. गळ्यावर खोल दाताच्या खुणा असतील तर हल्ला बहुधा रानटी शिकाऱ्याचा. मागचे पाय, कान, शेपूट अशा अनेक ठिकाणी ओरबाडलेलं असेल तर मोकाट कुत्र्यांचा संशय धरावा. मोबाइलवर जखमांचे आणि पावलांचे फोटो काढून ठेवावेत.

फिरत्या कळपाला इथेच ठेच लागते. लांडगा कोकरू उचलून नेतो, मग पंचनामा कशाचा करायचा? वाडा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात हलवायचा असतो, आणि अर्ज मात्र पहिल्या तालुक्यात.

माळ आखडतो तेव्हा

किल्लारीच्या परिसराने एका रात्रीत जमिनीचा नकाशा बदलताना पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नवी गावठाणं जुन्यांपेक्षा कितीतरी ऐसपैस, रुंद रस्त्यांची; त्यासाठी मोठी जमीन संपादित झाली. त्या संकटात दुसरं काही सुचणं शक्यही नव्हतं. पण तेव्हापासून आजपर्यंत माळाची जमीन लचका-लचक्याने जात राहिली आहे, आणि त्यामागे प्रत्येक वेळी भूकंप नव्हता.

पोकलेनने मुरूम फोडून माळाचं शेत करता येतं. विहीर, बोअर, कालवा आला की तिथे ऊस उभा राहतो. ऊस वर्षभर हलत नाही, त्यामुळे मेंढ्यांना तोडणीनंतरचे थोडे दिवस वाढं मिळतं, एरवी ते रान बंद. रानडुकरांना मात्र ऊस म्हणजे घर. ज्वारी कमी होऊन सोयाबीन आलं तसा कडबाही घटला. उरलेल्या गायरानावर कुठे अतिक्रमण, कुठे सौर प्रकल्प, कुठे वृक्षलागवड. समतल चर खोदून गिरिपुष्पाची आणि सुबाभळीची रोपं लावली जातात आणि काही वर्षं चराईबंदी होते. फोटो हिरवा येतो. पण चरांनी फाटलेल्या त्या माळावर पवना परत येत नाही, मेंढीला वाट उरत नाही, आणि झाडी वाढली तर लांडगा-खोकडाऐवजी आडोसा धरून शिकार करणाऱ्या बिबट्याला ती सोयीची होते.

चराई बंद झालेल्या तुकड्यांमुळे कळप उरलेल्या माळावर जास्त दिवस अडकतो. फिरती थांबते. मघाशी सांगितलेली दोन्ही गणितं मग एकदम बिघडतात: गवताला उसंत मिळत नाही, आणि लांडग्याचा फटका त्याच कळपाला पुन्हा पुन्हा बसतो. माळावरचा संघर्ष वाढला म्हणून चराईवर बंदी घालावी, तर त्या बंदीनेच तो आणखी वाढतो, असं हे चक्र आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे. तो वनजमिनीपुरता. गायरान महसूल खात्याचं, त्याला हा कायदा लागत नाही, आणि मराठवाड्यातला बराचसा माळ गायरानातच आहे. मेंढ्या वाढवायला राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ पासून आहे. मेंढ्या वाटल्या, पण त्या चारायच्या कुठे, हे कुठल्याच खात्याच्या अखत्यारीत येत नाही. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत देवणी वळू आणि लाल कंधारीच्या जोड्या बघायला पुढारी आवर्जून येतात. ज्या गायरानावर ही जनावरं वाढतात त्याची मोजणी तेवढ्याच उत्साहाने व्हायला हरकत नाही.

येडशीचा वाघ

डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाटातल्या कॅमेऱ्यात वाघ आला. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला ठरला. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून तो इथल्या बालाघाटाच्या डोंगररांगेत पोचला होता. अशी चाल पहिलीच नव्हती. २०१९ मध्ये टिपेश्वरचाच रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ नांदेड, हिंगोलीच्या शेतांमधून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला. या वाघांच्या वाटा जंगलातून गेल्या नाहीत; गायरानं, नाले, तुरीची शेतं हाच त्यांचा रस्ता होता. लांडग्याला सोयीचा माळ वाघालाही वाटेपुरता चालतो.

पण शेजारी म्हणून वाघ वेगळा. बार्शी आणि धाराशिव तालुक्यांत जनावरं मारली जाऊ लागली, लोक धास्तावले, त्याला पकडायला ताडोबाचं पथक आणावं लागलं. लांडग्याशी कसं वागायचं हे इथल्या माणसाला ठाऊक आहे. वाघाचं तसं काही ज्ञान बालाघाटात शिल्लक नाही. लांडगा उघड्यावर धावून, दमवून शिकार करतो, माणसाच्या आवाजाला बिचकतो, वजनाने वीस-पंचवीस किलोचा असतो आणि बैलाच्या वाटेला सहसा जात नाही. वाघ आडोशाने जवळ येतो आणि मोठं जनावर पाडतो. त्याच्यापुढे वाघर आणि चार कुत्री यांचा उपयोग नाही.

धोक्याची जागाही बदलते. मेंढ्यांच्या वाड्यावर रात्री माणूस असतोच. गाई-म्हशी मात्र शेतातल्या दावणीला उघड्यावर बांधून मालक गावात झोपायला जातो. घाटालगतच्या अशा वस्त्यांवर पत्र्याचे, जाळीचे बंदिस्त गोठे उभारायला मदत करणं, दिवस मावळल्यावर गुरं नाल्यात न सोडणं आणि मेलेलं ढोर वस्तीपासून लांब टाकणं, एवढ्यावर सुरुवात करता येते. वाघ पकडून परत नेला तरी टिपेश्वर १४८ चौरस किलोमीटरचंच आहे, आणि तिथे दरवर्षी नवे बच्चे मोठे होतात.